चुकीची खेळी आणि पंचाचा शब्द

शेताच्या बांधावरून भांडण झाले, की मोजणी करावी लागते, उतारा पाहावा लागतो, चार शहाणी माणसे बोलवावी लागतात. बांध हलला की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही म्हणून हा सगळा खटाटोप. बुद्धिबळाच्या पटावर मात्र चौसष्ट घरे स्वच्छ आखलेली असतात. कोणते मोहरे कोठे उभे आहे, हे दोघांनाही दिसते, बघ्यांनाही दिसते. मग येथे भांडण व्हायला जागाच कोठे उरली, असे कुणाला वाटेल. पण तालुक्याच्या एखाद्या स्पर्धेत तासभर बसून पाहा. दर पाच-दहा मिनिटांनी कुणाचा तरी हात वर जातो आणि आवाज येतो, "गुरुजी, ह्यानं उंटाला हात लावला अन् आता घोडा खेळायलाय!" समोरचा म्हणतो, "न्हाई गुरुजी, म्या नुसता सरळ करत होतो." आणि गुरुजी बिचारे त्या वेळी पलीकडच्या रांगेत उभे असतात. त्यांनी काहीच पाहिलेले नसते.

आज मला बोलायचे आहे ते या प्रसंगाविषयी. नियमाबाहेरची खेळी म्हणजे काय, तिला शिक्षा कोणती आणि पंचाच्या निकालावरून वाद झाला तर काय करावे, या तीन गोष्टी पाहू. माझे बोलणे खेळाडूंसाठी आहेच. पण शिक्षकबंधू-भगिनींसाठी ते अधिक आहे. शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुलामुलींसाठी बुद्धिबळ असते, आणि जाफराबाद असो, मंठा असो की घनसावंगी असो, पंचाची खुर्ची बहुधा एखाद्या शिक्षकाच्याच वाट्याला येते.

आधी एक गोष्ट ध्यानात घेऊ. आपल्या खेड्यांतून वडीलधाऱ्यांकडून शिकलेले बुद्धिबळ आणि स्पर्धेतले बुद्धिबळ यांत फरक आहे. देशी खेळात प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चालते. राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. प्यादे शेवटच्या घरात पोचले, की ते ज्या मोहऱ्याच्या रांगेत पोचले ते मोहरे होते. सगळी मोहरी गमावून राजा एकटा उरला, की बुर्जी झाली म्हणतात आणि डाव अर्धा सुटतो. गावोगाव यात थोडाफार फरक आहेच. स्पर्धेच्या खेळात यांतले काही चालत नाही. तेथे प्यादे पहिल्या खेळीला दोन घरे जाऊ शकते, राजाची उडी नाही तर किल्लेकोट आहे, आणि शेवटच्या घरात पोचलेल्या प्याद्याचा वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा यांपैकी हवे ते मोहरे करता येते. आजोबांजवळ बसून शिकलेला मुलगा तालुक्याला जातो आणि राजाला घोड्याची उडी मारायला लावतो. त्याच्या मते ती बरोबर असते. पंचाच्या मते ती नियमबाह्य असते. त्यात मुलाची लबाडी नाही. तो एका घराण्याची रीत दुसऱ्या घरात पाळतो आहे, एवढेच.

पण म्हणून देशी खेळ शिकलेल्याने स्पर्धेपासून दूर राहावे काय? मुळीच नाही. मीर सुलतान खान हे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. पंजाबातल्या एका खेड्यात जन्मलेला आणि देशी पद्धतीने बुद्धिबळ शिकलेला हा माणूस. पाश्चात्त्य नियम तो मोठेपणी शिकला, आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वर्षे ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून आला. जागतिक बुद्धिबळ महासंघाने २०२४ मध्ये त्याला मरणोत्तर सन्माननीय ग्रँडमास्टर ही पदवी दिली. नियम बदलले म्हणून त्याची बुद्धी कमी झाली नाही. मात्र नवे नियम त्याला आधी शिकावे लागले. आपल्या मुलांचेही तेच आहे.

आता शिक्षा पाहू. १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे नियमबाह्य खेळी केव्हा पूर्ण होते? तर खेळाडूने मोहरे हलवून घड्याळाचे बटण दाबले म्हणजे. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. मोहरे चुकीच्या घरात ठेवले, पण बटण दाबण्यापूर्वी चूक उमगली, तर शिक्षा नाही. ज्या मोहऱ्याला हात लावला, त्याचीच नियमात बसणारी खेळी असेल तर ती करायची आणि पुढे चालायचे. बटण दाबले, की मात्र गुन्हा पुरा झाला.

मग पंच काय करतो? चूक होण्यापूर्वीची स्थिती पटावर पुन्हा मांडतो. हात लावलेल्या मोहऱ्याची योग्य खेळी असेल तर ती करायला लावतो. आणि प्रतिपक्षाला दोन मिनिटे वाढवून देतो. अतिजलद डावात ही वाढ एक मिनिटाची असते. त्याच खेळाडूने त्याच डावात दुसऱ्यांदा तसे केले, तर डाव गेला. याला एक अपवाद ठेवला आहे. प्रतिपक्षाजवळ मात करण्यापुरते बळच उरले नसेल, कोणत्याही खेळ्या केल्या तरी मात होणे शक्य नसेल, तर डाव बरोबरीत सुटतो. आमच्या जुन्या बुर्जीची आठवण व्हावी अशी ही तरतूद आहे. ज्याच्या हाती जिंकण्याचे साधन नाही, त्याला दुसऱ्याच्या चुकीवर पूर्ण डाव देऊ नये, हा तिच्यामागचा विचार.

ही शिक्षा नेहमी एवढीच होती असे नाही. २०१४ च्या जुलैपूर्वी सावकाश खेळायच्या डावात तिसऱ्या चुकीला डाव जात असे. तेव्हापासून तो दुसऱ्या चुकीला जाऊ लागला. उलट अतिजलद डावात पूर्वी पहिल्याच चुकीला डाव गमवावा लागे. २०१८ पासून तेथेही दुसरी संधी मिळू लागली. म्हणजे एकीकडे नियम कडक झाला, दुसरीकडे सौम्य झाला, आणि दोन्हीकडे एकाच मापावर आला. एक चूक माणसाची. दुसरी मात्र निष्काळजीपणाची, असा हा हिशेब आहे.

कोणकोणत्या गोष्टी नियमबाह्य खेळीत मोडतात, तेही सांगतो. राजाला शह असताना तो न सोडवणे, किंवा आपणच राजा शहात नेणे, ही सर्वांना माहीत असलेली चूक. पण घोळ होतो तो इतर तीन ठिकाणी. पहिले, प्यादे शेवटच्या घरात नेले आणि त्याच्या जागी नवे मोहरे न ठेवताच बटण दाबले. ही खेळी नियमबाह्य धरली जाते, आणि पंच तेथे वजीरच मांडतो. मग तुमच्या मनात घोडा करायचे असो वा नसो. दुसरे, दोन्ही हातांनी खेळणे. किल्लेकोट करताना मुले एका हाताने राजा आणि दुसऱ्या हाताने हत्ती उचलतात. किंवा एका हाताने मोहरे मारतात आणि दुसऱ्याने आपले ठेवतात. असे करून बटण दाबले, की तीही नियमबाह्य खेळी. तिसरे, काहीच न खेळता बटण दाबणे. या तिन्ही चुका मुले घरी रोज करतात आणि कुणी त्यांना टोकत नाही. म्हणून गुरुजी, शाळेत सराव घेताना पहिल्या दिवसापासून एकाच हाताने खेळायची सवय लावा. ज्या हाताने खेळी केली, त्याच हाताने बटण दाबायचे. एवढ्याने निम्मे तंटे मिटतील.

दुसरा मोठा तंटा हात लावलेल्या मोहऱ्याचा. नियम साधा आहे. आपल्या मोहऱ्याला खेळण्याच्या हेतूने हात लावला, की तेच खेळायचे. प्रतिपक्षाच्या मोहऱ्याला लावला, की शक्य असेल तर तेच मारायचे. मोहरे नुसते सरळ करायचे असेल, तर हात लावण्यापूर्वी तसे बोलून दाखवायचे, आणि तेही आपली पाळी असताना. हात लावून झाल्यावर "सरळ करत होतो" म्हणणे चालत नाही. २०१६ साली मॉस्कोत जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा चालू होती. हिकारू नाकामुरा हा अमेरिकन खेळाडू लेव्हॉन अरोनियनविरुद्ध हत्तींच्या अवघड शेवटात खेळत होता. त्याने राजाला हात लावला, आणि ती खेळी घातक आहे हे उमगताच मोहरे सरळ करतो आहे असे म्हणाला. अरोनियनने हरकत घेतली. पंचाने राजाच खेळायला लावला, आणि नाकामुराने तो डाव गमावला. जगातल्या पहिल्या दहा-वीसांतल्या माणसाला जो नियम, तोच आपल्या भोकरदनच्या सातवीतल्या मुलाला.

पण हक्क असला तरी तो वेळेवर मागावा लागतो. १९९४ साली स्पेनमधील लिनारेस येथे गॅरी कास्पारोव्ह आणि ज्युडिट पोल्गार यांचा डाव होता. कास्पारोव्ह तेव्हा जगातला सर्वांत बलाढ्य खेळाडू, आणि ज्युडिट अवघी सतरा वर्षांची मुलगी. कास्पारोव्हने घोडा एका घरात ठेवला, क्षणभर हात सुटला, आणि त्याने तो घोडा उचलून दुसऱ्या घरात ठेवला. मोहऱ्यावरून हात सुटला, की ती खेळी पक्की; ते मोहरे दुसऱ्या घरात नेता येत नाही. चित्रफितीत हात सुटलेला दिसला. पण ज्युडिटने त्या वेळी पंचांकडे तक्रार केली नाही, डाव पुढे चालला आणि ती हरली. पटावरच्या मोहऱ्याला आपण स्वतः हात लावला, की अशी तक्रार करण्याचा हक्क संपतो. समोर कुणी मोठा माणूस आहे म्हणून मूग गिळून बसणाऱ्या मुलाला, आणि विशेषतः मुलीला, ही गोष्ट सांगावी. हात वर करून पंचाला बोलावणे म्हणजे उर्मटपणा नव्हे.

श्रोतेहो, आता पंचाच्या निकालाकडे वळू. पंचही माणूस आहे. त्याचाही निकाल चुकू शकतो. २०१७ च्या डिसेंबरात रियाध येथे अतिजलद बुद्धिबळाची जागतिक स्पर्धा झाली. मॅग्नस कार्लसन आणि रशियाचा एर्नेस्तो इनार्किएव्ह यांच्या डावात कार्लसनने शह दिला. इनार्किएव्हने तो शह न सोडवता घोड्याने उलट कार्लसनलाच शह दिला. खेळी उघडउघड नियमबाह्य होती. घाईत कार्लसनच्या ते ध्यानी आले नाही आणि त्याने आपला राजा हलवला. लगेच इनार्किएव्हने घड्याळ थांबवले आणि म्हणाला, "यानेच नियमबाह्य खेळी केली, डाव माझा." आधी एका पंचाने डाव त्याला देऊनही टाकला! मुख्य पंचांनी मात्र तो निकाल फिरवला. कार्लसनचा राजा शहात होता, त्याने तो शहातून काढला, यात चूक काय? इनार्किएव्हची चूक कार्लसनने उत्तर देण्यापूर्वी दाखवली गेली नव्हती. तेव्हा आहे त्या स्थितीतून पुढे खेळा, असे त्यांनी सांगितले. इनार्किएव्हने खेळायला नकार दिला, अपील केले, ते फेटाळले गेले, आणि डाव कार्लसनला मिळाला.

यातून दोन गोष्टी शिकण्याजोग्या आहेत. ज्याने आधी नियम मोडला, त्याला त्याच मोडतोडीतून फायदा काढता येत नाही, ही पहिली. आणि दुसरी अशी, की पहिला निकाल चुकला तर वरचा पंच तो सुधारू शकतो, आणि सुधारण्यात कमीपणा नाही. पंचाच्या निर्णयावर दाद मागण्याचा हक्क नियमांनीच खेळाडूला दिला आहे. म्हणून स्पर्धा लहान असली, तरी तीन जाणत्या माणसांची दाद-समिती आधीच नेमून ठेवावी. आणि त्यांतला कुणी ज्याचा विद्यार्थी खेळतो आहे असा नसावा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचा तो कारटा, ही म्हण पंचाच्या खुर्चीला मारक आहे.

निकालावरच्या तंट्याने कधी कधी पटाच्याही बाहेर मजल मारली आहे. आपल्या मुंबईच्या रोहिणी खाडिलकर १९७६ साली अवघ्या तेरा वर्षांच्या असताना राष्ट्रीय पुरुष स्पर्धेत खेळल्या. मुलीने पुरुषांच्या स्पर्धेत का खेळावे, म्हणून गहजब झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि जागतिक महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी निर्णय दिला, की महिलांना राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांतून वगळता येणार नाही. पुढे १९८१ साली रोहिणीताई आशियाई महिला विजेत्या झाल्या. आणि २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला व ती ग्रँडमास्टर झाली, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने पेढे वाटले. योग्य वेळी मागितलेली दाद पुढच्या किती मुलींच्या उपयोगी पडते, ते यावरून दिसेल.

आता एक आक्षेप पुष्कळ शिक्षक घेतात, त्याचा विचार करू. ते म्हणतात, "सर, लहान लेकरं आहेत. पहाटेच्या एसटीनं आलेली, घरून भाकरी बांधून आणलेली. दुसऱ्यांदा हात चुकला म्हणून डाव काढून घ्यायचा, हे निर्दयपणाचं नाही का? द्या सोडून." हा आक्षेप कळवळ्याचा आहे, त्याला हसण्यावारी नेता येत नाही. पण विचार करा, समोर बसलेले दुसरे लेकरूही त्याच एसटीने आलेले असते. त्याने नियम पाठ केले, एका हाताने खेळला, शह बघितला. तुम्ही एकाला माफी देता, तेव्हा ती दुसऱ्याच्या खिशातून देता. आणि तीच माफी पुढच्या पटावर दुसऱ्या कुणाला नाकारली, तर तो मुलगा घरी जाऊन काय सांगेल? "गुरुजींच्या शाळेचा होता, म्हणून सोडला," असेच ना? हरल्याचे दुःख मुले दोन दिवसांत विसरतात. अन्यायाने हरवल्याचे दुःख मात्र विसरत नाहीत, आणि त्यातली कित्येक पट गुंडाळून ठेवतात तो कायमचाच.

मग कळवळा दाखवायचा कोठे? स्पर्धेच्या आधी. पहिला डाव सुरू होण्यापूर्वी सगळ्यांना एकत्र बसवून पंधरा मिनिटे नियम मराठीत समजावून सांगा. किल्लेकोट एका हाताने करून दाखवा. प्याद्याचा वजीर कसा करायचा ते दाखवा, आणि जादा वजीर पटाशेजारी ठेवून द्या. हात कसा वर करायचा, पंचाला काय म्हणायचे, हेही सांगा. गुणांकन नसलेल्या गावपातळीवरच्या स्पर्धेत शिक्षा सौम्य ठेवायची असेल, तर तीही आधी जाहीर करा, फळ्यावर लिहा, आणि मग सर्वांना सारखी लावा. डाव चालू असताना मात्र नियम वाकवू नका. दया आधी करावी. निकाल देताना न्याय करावा.

जलद डावांविषयी एक सूचना. आपल्याकडच्या शालेय स्पर्धा बहुधा जलद डावांच्या असतात, आणि वीस-पंचवीस पटांमागे पंच एखादाच. अशा वेळी चुकीची खेळी पंचाने स्वतः पाहिली नाही आणि प्रतिपक्षाने आपली पुढची खेळी करून टाकली, तर ती चूक तशीच राहते व डाव पुढे चालतो. म्हणून मुलांना शिकवा, की समोरच्याची खेळी नीट पाहिल्याशिवाय आपला हात उचलू नये. चूक दिसली, तर मोहऱ्याला हात न लावता घड्याळ थांबवून पंचाला बोलवावे. राजा मारून "खाल्ला, खाल्ला" म्हणून ओरडणे हे गावच्या कट्ट्यावर ठीक. स्पर्धेत राजा मारता येत नाही.

आणि पालकहो, दोन शब्द तुम्हालाही. तुम्ही पटामागे उभे राहता, तुम्हाला चूक दिसते आणि जीभ आवरत नाही. पण बघ्याने खेळात बोलायचे नाही. चूक दिसली, तर ती फक्त पंचाच्या कानावर घालता येते. तुमच्या एका शब्दाने तुमच्याच मुलाचा डाव अडचणीत येऊ शकतो.

शेवटी आपल्या मुलखाची एक गोष्ट. जालन्यापासून दूर नसलेल्या पैठणचे भट्ट घराणे काशीला जाऊन स्थायिक झाले. त्या घराण्यात १७ व्या शतकात नीलकंठ भट्ट झाले. त्यांच्या 'भगवंतभास्कर' या मोठ्या ग्रंथाचे बारा भाग आहेत. त्यांतला 'व्यवहारमयूख' हा वादविवाद, साक्षी, पुरावे आणि वारसा यांच्या न्यायाचा. १९५६ चा वारसा कायदा येण्यापूर्वी मुंबई, गुजरात आणि उत्तर कोकणातल्या वारसाच्या खटल्यांत तो प्रमाण मानला जाई, आणि महामहोपाध्याय काणे यांनी तो संपादिला. त्याच ग्रंथाच्या 'नीतिमयूख' या भागात याच नीलकंठांनी बुद्धिबळाची माहिती दिली आहे, घोडा साऱ्या पटावर कसा फिरवावा याचे कोडेही दिले आहे. न्याय सांगणाऱ्या पंडिताला बुद्धिबळ सांगण्यात कमीपणा वाटला नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

कारण पटावर मूल जे शिकते, ते पटापुरते राहत नाही. आपली चूक झाली तर शिक्षा निमूट घ्यावी, दुसऱ्याची झाली तर वेळेवर आणि सभ्यपणे सांगावी, निकाल पटला नाही तर आरडाओरड न करता रीतसर दाद मागावी, आणि शेवटचा निकाल लागला, की हात मिळवून उठावे. पुढे हीच मुले ग्रामसभेत बसणार आहेत, सोसायटीचे हिशेब पाहणार आहेत, भावकीच्या बांधाचे तंटे सोडवणार आहेत. पाचामुखी परमेश्वर असे आपण म्हणतो. तो परमेश्वर मुलांना पहिल्यांदा भेटतो तो शाळेच्या व्हरांड्यात, पंच म्हणून उभ्या असलेल्या गुरुजींच्या रूपाने. त्या गुरुजींना नियम नीट ठाऊक असावेत, एवढेच माझे मागणे आहे.